संप, संगम आणि सतरा टक्के

मी बँकेत कारकून आहे. एके काळी हे वाक्य नुसतं उच्चारलं तरी वधुपित्याच्या चेहऱ्यावर चांदणं पसरायचं. आता मुलीकडचे लोक विचारतात, "कुठल्या बँकेत?" आणि त्यापुढे, जरा खाकरून, "ती अजून आहे ना?" प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. 2020 साली दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, आणि त्यासाठी साहेब लोकांनी तारीख निवडली ती 1 एप्रिल. रात्री एका बँकेत झोपलेला कारकून सकाळी दुसऱ्याच बँकेत जागा झाला. खुर्ची तीच, टेबल तेच, टेबलाचा डगमगणारा पाय आणि त्याखाली घातलेली पुठ्ठ्याची घडीही तीच. पाटी तेवढी नवी. सुनांची माहेरची नावं बदलायची चाल हल्ली मोडत चालली आहे म्हणतात. बँकांच्यात ती नव्यानं सुरू झाली असावी.

तर मी कारकून आहे आणि त्यातून युनियनचा सभासद आहे. संप हा आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे. वडील तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात तहसील कचेरीत कारकून होते. तेव्हाच्या म्हणायचं कारण, गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा निघाला तो 1982 च्या 26 ऑगस्टला. त्याआधी सिरोंच्यापर्यंतचं सगळं जंगल चंद्रपूरच्याच पदरात होतं. 1977 च्या डिसेंबरात र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि केंद्राइतका महागाई भत्ता मागत 54 दिवस घरी बसले. माझे वडीलही बसले. आईच्या मते तो संप सरकारला नव्हे तर तिलाच जड गेला. 54 दिवस घरात पगार नाही आणि नवरा मात्र आहे, ही परिस्थिती कुठल्याही गृहिणीला सोसवणारी नाही. मी 1978 च्या ऑक्टोबरात जन्मलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला उलटी मोजदाद येते. वाचकांनाही येत असेल. त्या संपातून कर्मचाऱ्यांच्या पदरात नेमकं काय पडलं यावर जाणती मंडळी वाद घालोत, आमच्या घरात काय पडलं याबद्दल दुमत नाही. वडील लाडात आले की मला 'थकबाकी' म्हणून हाक मारत.

अशा पुण्यवंत कुळात जन्मल्यामुळे वाटाघाटी या प्रकाराबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. बँकवाल्यांचा पहिला द्विपक्षीय करार 1966 च्या ऑक्टोबरात झाला. तेव्हापासून एक करार संपतो आणि दुसऱ्याची बोलणी सुरू होतात. एका बाजूला बँकांचे मालक-चालक, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, आणि दुसऱ्या बाजूला आमच्या नऊ संघटनांची मोट. नऊ संघटना एका टेबलाशी बसतात हेच मुळात केवढं यश आहे, हे ज्याच्या घरी तीन भाऊ आणि एक विहीर आहे त्याला कळेल. ही बोलणी म्हणजे फार उच्च दर्जाची कला आहे. 2017 च्या नोव्हेंबरापासून लागू व्हायचा जो अकरावा करार, त्यात समोरच्यांनी पहिल्या झटक्यात देऊ केले 2 टक्के. वाचकहो, दोन! आमचे पुढारी भडकले, 2018 च्या मे महिन्याच्या 30 आणि 31 तारखेला आम्ही संप केला, मग बैठका, मग चहा, मग पुन्हा बैठका, आणि 2020 च्या 11 नोव्हेंबरला करार झाला तो 15 टक्क्यांचा. 2 पासून 15 पर्यंत यायला अडीच वर्षं गेली. आमची ही चंद्रपूरच्या गोलबाजारात साठ रुपयांची मेथी पंचवीसला आणते, आणि तेवढ्या वेळात मी स्कूटरसुद्धा स्टँडला लावत नाही. बँकवाल्यांनी वाटाघाटींसाठी हिला पाठवावं असा ठराव मी एकदा शाखेच्या सभेत मांडला होता. अनुमोदक मिळाला नाही. त्यांच्याही घरी बायका होत्या, आणि प्रत्येकाला आपलीच पाठवायची होती.

आता महागाई भत्त्याचं. हा भत्ता दर तीन महिन्यांनी ठरतो आणि तो ठरतो निर्देशांकावर. देशातल्या 88 औद्योगिक केंद्रांत तांदूळ, तेल, कांदे-बटाटे, न्हाव्याचे दर वगैरेंची नोंद होते, तिची गोळाबेरीज श्रम ब्यूरोत होते, आणि मग दशांश चिन्हापुढचा एखादा आकडा हलला की तमाम बँकवाल्यांच्या घरी आनंदीआनंद होतो. या 88 केंद्रांत आमचं नागपूर आहे. भामरागड नाही. त्यामुळे पुराच्या दिवसांत भामरागडात बटाटा सफरचंदाच्या भावानं गेला तरी त्या निर्देशांकाला त्याचा पत्ता लागत नाही. हे मला कसं ठाऊक? तर 2021 साली माझी बदली भामरागडला झाली.

आमच्याकडे 'गडचिरोलीला पाठवीन' हे वाक्य साहेब लोक धमकी म्हणून वापरतात. गडचिरोलीतले साहेब लोक 'भामरागडला पाठवीन' म्हणतात. भामरागडच्या साहेबांची मात्र पंचाईत होते, कारण पुढे इंद्रावती आहे आणि तिच्यापल्याड छत्तीसगड. आलापल्ली सोडली की साठ-पासष्ट किलोमीटर नुसतं जंगल. हेमलकसा आलं की बाहेरच्या माणसाला एकदम ओळखीचं काही भेटल्यासारखं होतं, कारण आमट्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं नाव त्यानं ऐकलेलं असतं. 1973 पासून तो तिथे आहे. तिथून जरा पुढे पर्लकोटा नदी आणि नदीवरचा ठेंगणा पूल, आणि पुलापल्याड भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिघींचा इथे संगम होतो. संगम फार देखणा आहे. पावसाळ्यात मात्र तो चालत गावात येतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी मागे सरकतं, पूल बुडतो, आणि भामरागड जगापासून तुटतं. 2019 च्या पावसाळ्यात तर हे इतक्या वेळा झालं की लोकांनी मोजणं सोडलं होतं. असं तिथलेच लोक सांगतात, आणि वर पुन्हा हसतात.

शाखेत आम्ही तिघं. एक साहेब, ओडिशाचे. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माडिया तर नाहीच. दुसरा मी. मला मराठी येत होतं, जे तिथे ओडियाइतकंच उपयोगी होतं. आणि तिसरे दादा. दादा जवळच्याच एका गावचे, माडिया गोंड. त्यांना माडिया, तेलुगू, छत्तीसगडी, हिंदी आणि मराठी अशा पाच भाषा येत. म्हणजे बँकेच्या बाजूनं बोलणारे आम्ही दोघं आणि बँकेला समजून घेणारे ते एकटे. खातं उघडायचा अर्ज दादा समजावत, अंगठा दादा लावून घेत, कोणाचा मुलगा कुठल्या आश्रमशाळेत आहे नि कोणाच्या नावावर कोणाचे पैसे जमा झाले आहेत हे दादांना पाठ. कोणी आत आलं की 'जोहार' दादांना आधी, मग भिंतीवरच्या महालक्ष्मीच्या कॅलेंडरला, आणि राहिलं तर आम्हाला.

दादा बँकेत अकरा वर्षं होते, पण बँकेचे नव्हते. ते रोजंदारीवर. रोज संध्याकाळी त्यांच्या नावाचं व्हाउचर मी करायचो, आणि ते ज्या खात्यात नावे पडायचं त्या खात्याचं नाव 'किरकोळ खर्च'. त्या खात्याचा उतारा काढला तर असा दिसे: चहा, सुतळी, डिंक, दादा. मार्चअखेरीला वरून पत्र यायचं की किरकोळ खर्चात काटकसर करा. आम्ही सुतळीत करायचो.

साहेब अधिकाऱ्यांच्या संघटनेत, मी कारकुनांच्या. दादा कुठल्याच संघटनेत नाहीत, कारण व्हाउचरवर असलेल्या माणसाला सभासद करून घ्यायचं की नाही यावर आमच्या संघटनेत विचार चालू होता. तो माझ्या आधीपासून चालू होता.

तालुक्यातल्या शिक्षकांची आणि ग्रामसेवकांची मला फार असूया वाटे. नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करतात म्हणून राज्य सरकारनं 2002 सालच्या एका निर्णयानं त्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी दिलेली. त्याला म्हणतात एकस्तर. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मास्तर भेटले की एकस्तर आपल्याला कधी लागला, कधी कापला, वसुली किती निघाली, हाच विषय. मास्तर आणि एकस्तर हे यमक सरकारला सुचलं असेल असं वाटत नाही, पण जुळलं आहे खरं.

आता त्या डिसेंबराकडे येतो. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थसंकल्पात जाहीर झालं होतं की दोन सरकारी बँकांचं खाजगीकरण करणार. कुठल्या दोन, ते सांगितलं नाही. त्यामुळे बारावीच्या निकालाआधी वर्गात असतं तसं वातावरण. जो तो शेजारच्या बँकेकडे बघून म्हणे, 'तुमचीच असणार.' वर्षाच्या शेवटी त्यासाठीचं विधेयक हिवाळी अधिवेशनात येणार म्हणून यादीत लागलं, आणि आमच्या नऊच्या नऊ संघटनांनी 16 आणि 17 डिसेंबरला संप पुकारला.

तिकडे एसटीचा संप आधीपासून चालूच होता. दिवाळीपासून लाल डबे आगारात उभे होते, ते पुढे एप्रिलपर्यंत पुरते हलले नाहीत. त्यांची मागणी एकच, विलीनीकरण: महामंडळ नको, आम्हाला सरकारात घ्या. आमची मागणी, आम्हाला सरकारातून काढू नका. म्हणजे एकाच घराच्या एका दारावर एक जण आत घ्या म्हणून थापा मारतोय, आणि मागच्या दारातून दुसऱ्याला बाहेर ढकलताहेत. घरमालक अर्थातच मधल्या खोलीत काटकसरीवर बैठक घेत असणार.

भामरागडाला मात्र बंदचं कौतुक नव्हतं. डिसेंबरच्या 2 ते 8 नक्षलवाद्यांचा सप्ताह असे. त्या काळात रस्त्यावर लाल कापडाचे फलक लागत, बाजार सुने पडत. आमच्या संपाच्या आधीचा आठवडाही लोकांनी तसाच काढलेला. आणि आमच्या नागपूरच्या सेक्रेटरींनी मला काय पाठवावं? लाल झेंडा, आणि लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांचा दोन वार लांबीचा फलक. आमच्या संघटनेचा रंगच लाल, त्याला ते तरी काय करणार! नागपूरच्या किंग्जवेवर तो फलक फार शोभत असेल. साहेबांनी पार्सल उघडून पाहिलं, परत बांधलं आणि तिजोरीत ठेवलं. म्हणाले, "भाई, घर में बीवी है, बच्चे हैं."

तरी रीतसर कळवावं म्हणून मी पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार तरुण होते, सज्जन होते.

"मोर्चा किती लोकांचा?"

"दोघांचा."

"कुठून कुठपर्यंत?"

"बँकेच्या दारापासून पायरीपर्यंत."

"मागण्या कोणाकडे?"

"केंद्र सरकारकडे."

फौजदारांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून सागाची झाडं दिसत होती. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरं आहे. आम्हाला संपच नाही. केला तर लोक त्याला बंड म्हणतात." आणि त्यांनी मला चहा पाजला. मालकाविरुद्ध घोषणा द्यायच्या आदल्या दिवशी सरकारी चहा पिणारा मी आमच्या घराण्यातला पहिला असेन.

16 तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाला आम्ही पायरीवर बसलो. बँकेच्याच जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं मागण्या लिहिल्या होत्या. साहेबांनी 'बँक बचाओ' म्हटलं, मी 'देश बचाओ' म्हटलं. मास्कमुळे दोन्ही घोषणा सारख्याच ऐकू आल्या. मग साहेब म्हणाले, बैठते हैं. दादाही आले. त्यांचा संप नव्हता, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि बँक बंद म्हणजे व्हाउचर बंद, तेव्हा त्यांची दोन दिवसांची रोजी बुडालीच होती. आमचा पगार कापला जाणार तो तत्त्वासाठी. दादांचा जाणार तो असाच. तरी त्यांनी नेहमीप्रमाणे पायऱ्या झाडल्या आणि कडेला बसले.

साडेअकराच्या सुमारास एक म्हातारबुवा आले. कमरेला पंचा, खांद्याला पिशवी, हातात काठी. एसटी नाही, तेव्हा आतल्या गावातून आदल्या दिवशी पायी निघालेले. धान संस्थेच्या केंद्रावर घातलं होतं. त्या वर्षीचा हमीभाव 1,940 रुपये क्विंटल. त्याचे पैसे खात्यात पडले का, एवढंच बघायचं होतं. बंद दार, दाराशी तोंड बांधून गप्प बसलेली तीन माणसं आणि मागे लटकणारा कागद बघून त्यांनी काठी भिंतीला टेकवली, उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात दादांना काही विचारलं.

दादा म्हणाले, "बाबा विचारून राहिले, कोण गेलं जी?"

"कोणी नाही म्हणावं. संप आहे."

दादांनी बराच वेळ समजावलं. मला त्यातले 'सरकार', 'बँक' आणि 'दिल्ली' एवढेच शब्द कळले. म्हातारबुवा ऐकत होते. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला.

"ते म्हणतेत, सरकारनं बँक विकली तर घेणारा तिला येथंच ठेवंल का?"

मी वाणिज्याचा पदवीधर. शाखेच्या ठेवी मला ठाऊक, खर्च मला ठाऊक, डिंक-सुतळीसकट. म्हणालो, "घेणारा फायदा बघेल. इथे फायदा नाही."

हे दादांनी सांगितल्यावर म्हातारबुवा गप्प झाले. पिशवीतून तंबाखू काढली, मळली, साहेबांपुढे धरली. साहेबांनी आयुष्यात प्रथमच घेतली असावी, कारण पुढची दहा मिनिटं ते बोलले नाहीत. मग म्हातारबुवा दादांना काही म्हणाले आणि दादा हसायला लागले.

"काय म्हणाले?"

"म्हणतेत, म्हणजे बँक गेली तर कसं दिसंल, ते तुम्ही दोन दिवस बंद करून दाखवून राहिले. असंच ना?"

संपाच्या आधी आमच्या मुंबईच्या कार्यालयातून अकरा परिपत्रकं आली होती. त्यात राष्ट्रीयीकरणाचा इतिहास होता, 19 जुलै 1969 ची 14 बँकांची आणि 1980 ची 6 बँकांची यादी होती, बुडीत कर्जांचे आकडे होते. पण संप कशासाठी, हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "असंच."

मग ते आमच्याच रांगेत सरकून बसले. गावात त्यांची भाची होती, तिच्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी दहाला ते पुन्हा हजर, साहेबांच्याही आधी. मी चौघांचा फोटो काढायला टपरीवाल्याला मोबाईल दिला. नागपूरला तो संध्याकाळी, टॉवरच्या लहरीप्रमाणे, तुकड्यातुकड्यानं पोचला. सेक्रेटरींचा निरोप आला: 'भामरागडला जनतेचा उदंड प्रतिसाद. लाल सलाम.' शेवटचे दोन शब्द मी साहेबांना दाखवले नाहीत. पण बाकी निरोप खोटा नव्हता. दादा कागदोपत्री जनतेतच मोडत, तेव्हा आंदोलकांत 50 टक्के जनता होती. हे प्रमाण आझाद मैदानावर कोणाला मिळालं असेल तर सांगावं.

शनिवारी बँक उघडली. महिन्यातला तिसरा शनिवार, म्हणजे आमचा कामाचा. 2015 च्या सप्टेंबरापासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते; पाचवा असेल तर तोही कामाचा. हे गणित मी म्हातारबुवांना समजावायच्या भानगडीत पडलो नाही. ते दारात उभेच होते. मी झोकात खुर्चीवर बसलो, यंत्र चालू केलं, आणि लिंक नव्हती.

बँकेत नोकरी न केलेल्यांसाठी सांगतो. आता खातेवही शाखेत नसते. वडीलधारे सहकारी सांगतात, 1983 साली यंत्रांचा करार झाला तेव्हा आमच्या लोकांना धास्ती होती की यंत्र माणसाला खाईल. इतकी की 'संगणक' शब्द नको म्हणून मग आली ती लेजर पोस्टिंग मशीन. यंत्रानं माणसाला खाल्लं नाही. माणूस तर 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्तीत, एकदम लाखाच्या वर, हारतुरे घालून घरी पाठवला गेला. यंत्रानं खाल्ली ती खातेवही. म्हातारबुवांचे पैसे आले की नाही हे आता कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या यंत्राला माहीत. त्याच्याशी बोलणं म्हणजे लिंक. ती नाही, तर तिजोरीत रोकड आहे, खुर्चीत कारकून आहे, दारात खातेदार आहे, आणि बँक नाही.

"बाबा विचारतेत, आज पण संप आहे का जी?"

"नाही, आज बँक चालू आहे."

"मग?"

"लिंक गेली आहे म्हणावं."

दादांनी सांगितलं. म्हातारबुवांनी जरा विचार केला.

"ते म्हणतेत, लिंकच्या मागण्या काय आहेत?"

मला हसू आलं आणि ते लगेच ओसरलंही. आमच्या संपाला कायद्यानं 14 दिवसांची नोटीस लागते. वर्तमानपत्रात येतं, 'ग्राहकांचे हाल' म्हणून फोटो येतो, अर्थमंत्रालयातून आवाहन होतं. लिंक जायला नोटीस लागत नाही. पद रिकामं ठेवायला लागत नाही. बदली झालेला माणूस रुजूच झाला नाही, शिपायाची जागा भरायचीच नाही असं ठरलं, यातल्या कशालाही नोटीस लागत नाही. असा बंद महिनोन्महिने चालतो आणि त्याच्याशी बोलणी करायला कोणी टेबलाशी बसत नाही. हे सगळं मी दादांना सांगितलं. त्यांनी ते म्हातारबुवांना दोन शब्दांत सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी पावणेबाराला लिंक आली. धानाचे पैसे आले होते. म्हातारबुवांनी त्यातले 2,000 काढले, दोनदा मोजले, दादांकडून एकदा मोजून घेतले. बाकीचे? "राहू द्या म्हणतेत तुमच्यापाशी. विकली तर सांगा म्हणतेत, आधी." मी म्हटलं, सांगतो. ते विधेयक त्या अधिवेशनात आलंच नाही. दादांनी तो निरोप बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावच्या कोणाबरोबर तरी पाठवला.

2022 च्या जूनमध्ये, पर्लकोटेवर पाणी चढायच्या आत, माझी बदली चंद्रपूरला झाली. दादांनी बांबूची टोपली दिली. साहेबांनी मिठी मारली आणि तिजोरीतलं पार्सल माझ्या हातात ठेवलं. तो फलक सध्या आमच्या माळ्यावर आहे. दिवाळीला त्याचा पायपुसण्याकडे प्रवास होणार असं हिच्या बोलण्यावरून वाटतं.

त्यानंतर संपांचे हंगाम येत राहिले. 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. वडील असते तर खुर्ची टाकून बसले असते. त्याच सप्टेंबरात सरकारी कामासाठी नऊ खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय निघाला आणि ऑक्टोबरात, फारच बोंब झाली तेव्हा, मागेही घेतला गेला. मला दादा आठवले. त्यांना घ्यायला कधी निर्णय काढावा लागला नव्हता, त्यामुळे मागे घ्यायचाही प्रश्न नव्हता.

आणि 2024 च्या 8 मार्चला आमचा बारावा करार झाला. 17 टक्के! 2022 च्या नोव्हेंबरापासूनचा फरक एकरकमी. पाच दिवसांचा आठवडाही कबूल, फक्त सरकारनं हो म्हणायचं बाकी. शाखेत पेढे वाटले. फरकाचं काय करायचं यावर आमच्या घरी वाटाघाटी झाल्या. मी 2 टक्क्यांनी सुरुवात केली आणि तिथेच राहिलो. संध्याकाळी वाटलं, दादांना फोन लावावा. तिसऱ्या दिवशी लागला.

"जोहार, दादा! करार झाला. सतरा टक्के."

"बरं झालं जी."

"तुमचं काय? किरकोळ खर्च वाढवला का कोणी?"

"नाही जी. चहा बंद केला." जरा थांबून म्हणाले, "तुमच्या जागेवर कोणी आलं नाही अजून. दोन ऑर्डरी निघाल्या म्हणतेत, कोणी पोचलं नाही. साहेब एकलेच राहतेत. नवे साहेब. तुमच्या खुर्चीवर प्रिंटर ठेवला."

"आणि ते म्हातारबुवा? येतात का?"

"येतेत ना जी. मागल्या बाजाराला आले होते. खुर्चीकडे पाहून विचारलं, ते साहेब अजून संपावरच आहेत का? काय सांगू जी त्यांना?"